चौथाईचे पहिले धनी

चौथाई ही मराठ्यांनी काढलेली वसुली, हा समज शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानमालेपर्यंत पक्का बसला आहे. अभिमानी मंडळी तिच्यात राजनीती पाहतात, टीकाकार लूट पाहतात. मराठी फौजेची ब्याद टळावी म्हणून मोजलेला पैसा, असे जदुनाथ सरकारांचे मत. न्यायमूर्ती रानड्यांनी तिची सांगड वेलस्लीच्या तैनाती फौजेशी घातली. भांडण मोठे, पण दोन्ही बाजूंचे गृहीत एकच : ही चाल मराठ्यांची.

सिल्वासाच्या वाचकाने तरी हे गृहीत मुकाट्याने गिळू नये. सिल्वासा जिथे आहे ती आजची नगर हवेली ज्या राज्याचा परगणा होती, त्या रामनगरच्या राजाला शिवाजी महाराजांच्या आधीपासून चौथाई मिळत होती, आणि ती देणारे होते दमणचे पोर्तुगीज.

रामनगर आजच्या वलसाड जिल्ह्यात मोडते. पुढे हेच घराणे धरमपूरचे संस्थानिक म्हणून ओळखले गेले. रामशाह नावाच्या राजपुत्राने १२६२ च्या सुमारास नाथोरात या स्थानिक नायकाला हरवून आठ परगण्यांचे राज्य उभारले, अशी या घराण्याची मूळकथा. आपण मेवाडच्या सिसोदियांचे वंशज, असे हे राजे सांगत. सरकारी माहितीपुस्तिकांत याला आणखी एक पुस्ती जोडलेली दिसते : तेव्हापासून सिल्वासा हीच परगण्याची राजधानी. हे मला पटत नाही. पोर्तुगिजांचा कारभार आधी दरारा गावातून चाले. १८८५ मध्ये त्यांनी ठाणे सिल्वासाला हलवले, तोवर सिल्वासा लहानसे खेडे होते. वंशावळीचा दिवा असा मागच्या काळावर उजेड पाडायला घेतला, की जिथे नाही तिथेही राजवाडे दिसू लागतात.

छोट्या राज्यांची ही जुनीच अडचण. इंग्लंडात सातव्या-आठव्या शतकांत लिंडसे नावाचे एक अँग्लो-सॅक्सन राज्य होते. त्याच्या राजांची नामावळी शिल्लक आहे, पण त्यांतल्या कोणाचीही कारकीर्द सनावार सांगता येत नाही. मर्सिया आणि नॉर्थम्ब्रिया या बलाढ्य शेजाऱ्यांनी ते आलटून पालटून गिळले, आणि त्याच्याबद्दल जे भरवशाचे कळते ते बहुतेक बाहेरच्यांच्या लिखाणातून. रामनगरचेही तसेच आहे. भाटांची नामावळी बाजूला ठेवावी आणि शेजाऱ्याची जमाखर्चाची वही उघडावी. स्तुती फुकट लिहिता येते. पैसा दिल्याची नोंद मात्र देणारा उगाच करत नाही.

ही वही पोर्तुगिजांची. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले. त्या मुलखातल्या गावांच्या उत्पन्नातला वाटा रामनगरच्या राजाला द्यावा लागे, आणि या राजाला त्यांच्या कागदांत ‘चौथिया’ असेच म्हटले आहे. सुरेंद्रनाथ सेनांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरच्या १९२८ च्या ग्रंथात हे पुरावे मांडले. गोव्याच्या दप्तरात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांच्या कामाने त्या काळाचे पोर्तुगीज कागद आणखी उजेडात आले. म्हणजे माहिती दडलेली नव्हती. पण रामनगर गुजरातच्या इतिहासात कडेला, महाराष्ट्राच्या इतिहासात मोहिमेच्या वाटेवर आणि पोर्तुगिजांच्या इतिहासात तळटिपेत पडते. त्याचा कैवार घेणार कोण?

यावर पूर्वपक्षी म्हणेल, डोंगरातल्या पुंडाला दिलेली ती खंडणीच, तिला राज्याचा हक्क कशाला म्हणायचे? उत्तर व्यवहारातच आहे. पैसा घ्यायचा, तर आपल्या बाजूने त्या गावांना चोर-दरोडेखोरांचा उपद्रव होऊ द्यायचा नाही, ही त्याची अट. वसूल वर्षानुवर्षे ठरलेला, घेणारा ठरलेला. यात धाक नव्हता असे नाही. धाकावाचून कर कोणत्या राज्यात जमतो? पण धाक आहे म्हणून एकाला राजा आणि दुसऱ्याला पुंड म्हणायचे, तर त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागेल.

दुसरा पुरावा खुद्द मराठ्यांचा. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले, पाठोपाठ रामनगर घेतले, आणि राजा सोमशाह कुटुंबासह गणदेवीजवळच्या चिखलीकडे पळाला. सुरतेचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला, हे सगळे सांगतात. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. महाराजांनी पोर्तुगिजांकडे दमणची चौथाई मागितली ती रामनगरचा नवा धनी म्हणून. पोर्तुगिजांचा आक्षेप प्रथेवर नव्हता. सोमशाहाच्या हाती अजून मुलूख आहे, मग पैसा द्यायचा कोणाला, एवढाच होता. संभाजी महाराजांच्या काळी १६८४ च्या तहातही वसईकडची गावखंडी नावाची वसुली आणि दमणची चौथाई या जुन्या बाबी कलमांत आल्या. नव्याने शोधलेला कर असा वारसाहक्काने मागता येत नाही.

याने मराठ्यांचे कर्तृत्व उणे होते असे मला वाटत नाही. एका डोंगरी राजाचा चार-दोन परगण्यांपुरता हक्क त्यांनी उचलला, आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा दिल्लीहून आणल्या. हा विस्तार निर्विवादपणे त्यांचाच. पण रानड्यांनी तुलनेसाठी पुढे वेलस्लीपर्यंत जायला नको होते. मागे दमणपर्यंत गेले असते, तरी काम भागले असते.

रामनगरवर काळाने उगवलेला सूड पुढेच आहे. नगर हवेली त्या राजांच्या हातून मराठ्यांकडे गेली. १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले होते. त्याच्या भरपाईदाखल १७ डिसेंबर १७७९ च्या तहाने दमणलगतच्या गावांचे वर्षाला बारा हजार रुपयांचे उत्पन्न पोर्तुगिजांना द्यायचे ठरले, आणि १७८३ व १७८५ मध्ये ती गावे त्यांच्या ताब्यात गेली. जे एकेकाळी रामनगरला आपल्या गावांतला वाटा मोजत होते, तेच आता रामनगरच्या जुन्या परगण्याचा वसूल गोळा करू लागले.

‘जहाजाच्या बदल्यात पेशव्यांनी देऊन टाकलेला मुलूख’ ही सिल्वासाची लोकप्रिय ओळखही म्हणूनच तपासून घ्यायला हवी. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले, पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने त्या तहाचे निरनिराळे पाठ तपासून सांगितले की मराठ्यांनी दिली ती सरंजामासारखी महसुली देणगी, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व न्यायालयाने धरले ते नंतर इंग्रजांनी मूकपणे मान्य केले म्हणून, पेशव्यांनी दिले म्हणून नव्हे.