‘लिंग’ संज्ञेचे स्थलांतर : व्याकरण, शरीर आणि संगोपन

लिंग कशावरून ठरवावे, हा प्रश्न संस्कृत वैयाकरणांना फार पूर्वीच पडला होता. शरीरचिन्हे हाच निकष मानला, तर अचेतन ‘खट्वा’ स्त्रीलिंगी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी कां, अशी शंका पतंजलीच्या ‘महाभाष्या’त चर्चिली गेली आहे. शब्दाचे लिंग लोकव्यवहाराधीन होय, असा तेथे निर्णय आहे. विसाव्या शतकात हाच भेद जिवंत मनुष्यांच्या बाबतीत पुन्हा उपस्थित झाला.

१९५५ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी व्याकरणातील ‘जेंडर’ ही संज्ञा वैद्यकात आणली. जन्मतः संदिग्ध जननेंद्रिये असलेल्या व्यक्तींच्या अभ्यासावरून, स्त्रीत्वाची वा पुरुषत्वाची जाणीव मुख्यतः संगोपनाने घडते, असे प्रतिपादन त्यांनी केले. याच्या उलट, १९५९ साली कॅन्सस विद्यापीठातील संशोधकांनी गर्भवती गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले असता, त्यांच्या मादी पिलांत पुढे नरसदृश समागमवर्तन आढळले. याच धर्तीवर मिल्टन डायमंड यांनी १९६५ साली मनी यांच्या मताचे खंडन केले.

त्याच वर्षी कॅनडातील विनिपेग येथे जन्मलेल्या जुळ्या मुलांपैकी एकाचे शिश्न सुंतेच्या वेळी नष्ट झाले. मनी यांच्या सल्ल्यावरून १९६७ साली त्याची वृषणे काढून त्यास मुलगी म्हणून वाढविण्यात आले. १९७२ च्या ग्रंथात हा प्रयोग यशस्वी म्हणून मांडला गेला. वस्तुस्थिती निराळी होती. १९८० साली सत्य कळताच त्या मुलाने पुरुष म्हणून जगण्याचे ठरविले व डेव्हिड हे नाव घेतले. डायमंड व सिग्मंडसन यांनी १९९७ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. २००४ साली डेव्हिड रायमर यांनी आत्महत्या केली.

तथापि यावरून केवळ शरीरच सर्वसमर्थ ठरते, असे अनुमान घाईचे होईल. १९९८ साली अशाच अपघाताचे दुसरे कॅनेडियन उदाहरण प्रसिद्ध झाले. ती व्यक्ती प्रौढपणीही स्वतःस स्त्रीच मानीत होती. तिचे आकर्षण मात्र स्त्री व पुरुष या दोहोंकडे होते. म्हणजे आत्मजाणीव आणि कामप्रवृत्ती या पृथक् गोष्टी असून दोन्हींची कारणे एकाच सूत्रात बसत नाहीत.

या वादातील खरा दोष एका मताच्या अतिरेकापुरता मर्यादित नव्हता. अपुऱ्या सिद्धांताच्या बळावर, बोलूही न शकणाऱ्या बालकाच्या देहावर अपरिवर्तनीय निर्णय लादला गेला, हा तो दोष होय. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तमिळनाडू शासनाने, जिवास धोका असल्याखेरीज, संदिग्ध लिंगलक्षणे असलेल्या बालकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली, ती याच जाणिवेने. शब्दाचे लिंग लोकांनी ठरविल्याने शब्दाची हानी होत नाही. मनुष्याचे तसे नाही. त्याच्या बाबतीत त्याची स्वतःची साक्ष ऐकल्यावाचून निर्णय पूर्ण होत नाही.