झोप नव्हे, विषबाधा : अफूच्या इतिहासाचा एक धडा

विसरवाडीसारख्या सुरत-धुळे हमरस्त्यावरील गावातील पालकांना अफू हा विषय दूरचा वाटेल. परंतु इतिहासाची पाने चाळली तर हे विष आपल्या खानदेशच्या वाटेवरूनच गेलेले आढळते. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि इंदूरहून मुंबईस येणारा आग्रा रस्ता सेंधवा, धुळे, मालेगाव असा होता. कंपनी सरकारने १८३१ साली दर पेटीस १७५ रुपये परवाना शुल्क ठेवले होते. १८४७ पर्यंत ते ४०० रुपयांवर गेले. या व्यापारात सर जमशेटजी जीजीभॉय होते, तसे त्यांचे भागीदार, कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे हेही होते. तेव्हा या इतिहासाचा दोष केवळ परक्यांवर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही.

चीनला गेलेल्या अफूविषयी पुष्कळ लिहिले गेले. घरात राहिलेल्या अफूविषयी मात्र फार थोडे. दिवसभर गिरणीत राबणारी आई तान्ह्या मुलाने रडू नये म्हणून त्याला ‘बाळगोळी’ देई. तीत अफू असे. १९२२ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी केलेल्या पाहणीत गिरणी-कामगार स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे आढळले. त्या माता निर्दय नव्हत्या. मूल सांभाळण्यास दुसरे कोणी नव्हते. पण गोळीतील मात्रा थोडी अधिक झाली की मूल झोपेतच जाई.

अफूचे मरण असे मुकाट्याने येते. ती मेंदूतील श्वास चालविणाऱ्या केंद्रास मंद करते. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही, घरचे म्हणतात, “झोपला आहे, झोपू द्या.” नेमका येथेच घात होतो.

१८९३ साली नेमलेल्या अफू आयोगाने बंदीची शिफारस केली नाही. स्वातंत्र्यानंतर ३१ मार्च १९५९ पर्यंत, नोंदलेल्या व्यसनींचा अपवाद सोडता, औषधाखेरीज अफूची विक्री थांबविण्यात आली. पण १९८० नंतर मुंबई-पुण्यात ‘गर्द’ आली. तिच्यावर अनिल अवचट यांनी लिहिले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा अवचट यांचे ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसनी हा गुन्हेगार नसून रोगी आहे, हा विचार त्या कार्याने महाराष्ट्रात रुजविला. आज गर्दच्या जोडीला कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या आहेत. त्यांचा गैरवापरही अफूचाच वंश होय.

फारसीत ‘तिर्याक’ हा शब्द अफूलाही लावतात आणि विषावरील उताऱ्यालाही. अफूचा खरा उतारा मात्र १९६१ मध्ये सापडला. त्याचे नाव नॅलॉक्सोन. अमेरिकेत १९७१ पासून ते औषध म्हणून मान्य झाले, आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते रोग्याच्या घरच्यांच्या व मित्रांच्या हातीही असावे, असे सुचविले. आपल्याकडे ते मुख्यत्वे इंजेक्शनरूपाने रुग्णालयांत मिळते. म्हणून रुग्णालय गाठेपर्यंतची मिनिटे आपल्या हाती असतात.

विद्यार्थी मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. हाक मारून, हलवून माणूस जागा होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरीचा असेल, ओठ निळसर पडले असतील, बुबुळातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तर ती झोप नव्हे. तत्काळ १०८ क्रमांकावर फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. ताक, लिंबूपाणी, मिठाचे पाणी काहीही तोंडात ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. नॅलॉक्सोनचा अंमल सुमारे अर्ध्या ते दीड तासात उतरतो, म्हणून शुद्धीवर आलेल्यासही लगेच घरी नेऊ नका.

पालकांनी गोळ्या-औषधे कुलपात ठेवावीत. काही दिवस व्यसन सोडलेल्याने पूर्वीचीच मात्रा घेतली, किंवा सोबत दारू घेतली, तर धोका फार वाढतो, हेही जाणून असावे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

अब्रू जाईल या भीतीने दार लावून बसलेल्या घरात मदत उशिरा पोहोचते. गिरणगावच्या मातांना कोणी सांगणारे नव्हते. आपणांस आता ठाऊक आहे. मग शेजाऱ्याचे दार ठोठावण्यास कोणीही लाजू नये.