एका मताचे साम्राज्य

परक्यांच्या सत्तेविरुद्ध बंड करून जे राष्ट्र जन्मास आले, तेच राष्ट्र समुद्रापलीकडे सत्ता गाजवू लागले, तर त्याने आपल्या जन्मकथेचे काय करावे? हा प्रश्न १८९८ साली अमेरिकेपुढे उभा राहिला. तो तेथे दडपला गेला नाही. सभांतून, वृत्तपत्रांतून आणि सेनेटमध्ये त्यावर खडाजंगी झाली. त्या वादाचे मोठेपण आम्हांस मान्य आहे. परंतु त्यात एक वैगुण्यही होते.

क्यूबाच्या प्रश्नावरून एप्रिल १८९८ मध्ये अमेरिका व स्पेन यांचे युद्ध जुंपले. क्यूबा आपल्या राज्यास जोडणार नाही, असे अमेरिकन काँग्रेसने आधीच जाहीर केले होते. फिलिपिन्सविषयी मात्र असे वचन कोणी दिले नव्हते. १ मे रोजी कमोडोर ड्यूईने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडविले आणि ही बेटे एकाएकी हाताशी आली. १० डिसेंबरला पॅरिस येथे तह होऊन २ कोटी डॉलरांच्या मोबदल्यात स्पेनने ती अमेरिकेच्या स्वाधीन केली.

विस्तारवाद्यांचा युक्तिवाद आपल्या कानांस ओळखीचा वाटेल. इंडियानाचा तरुण वक्ता अल्बर्ट बेव्हरिज एका श्वासात चीनच्या बाजारपेठेचे नाव घेई आणि दुसऱ्या श्वासात परमेश्वराचे. ते लोक स्वराज्यास लायक नाहीत, ही सबब तर तयारच होती. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने याच सुमारास गोऱ्यांच्या ‘ओझ्या’विषयीची आपली कविता अमेरिकेस उद्देशून लिहिली.

विरोधही तितकाच जोरकस होता. १८९८ च्या नोव्हेंबरात बोस्टन येथे साम्राज्यविरोधी लीग स्थापन झाली. पोलादसम्राट कार्नेगी आणि कामगारपुढारी गॉम्पर्स, एरवी एका व्यासपीठावर न येणारी ही माणसे, येथे एकत्र आली. मॅसॅच्युसेट्सचे वृद्ध सेनेटर होर यांनी तर स्वपक्षाच्या अध्यक्षांविरुद्ध तोंड उघडले. शासितांच्या संमतीवाचून सत्ता न्याय्य ठरत नाही, हे आपले मूळ तत्त्व मनिलात खोटे कसे ठरते, असा त्यांचा सवाल होता. येल विद्यापीठाचे प्राध्यापक समनर यांनी आणखी मार्मिक मुद्दा मांडला: लढाईत स्पेन हरला खरा, पण त्याचे धोरण उचलून अमेरिकाच स्पेनकडून जिंकली गेली!

तहाच्या मंजुरीस सेनेटची दोन-तृतीयांश मते लागत. ६ फेब्रुवारी १८९९ रोजी ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर झाला. एक मत कमी पडते तरी चालले असते, दोन पडती तर तह बुडाला असता. डेमोक्रॅटिक पुढारी ब्रायन हे विस्ताराचे विरोधक. तरीही आधी तह मंजूर करून युद्ध मिटवावे, बेटांना स्वातंत्र्य मागाहून देता येईल, असा सल्ला त्यांनीच दिला. ते ‘मागाहून’ लवकर आले नाही. आठवड्याभरात स्वातंत्र्याचे आश्वासन देणारी दुरुस्ती पुढे आली, तेव्हा २९ विरुद्ध २९ अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष होबार्ट यांच्या मताने ती फेटाळली गेली.

आता त्या वैगुण्याकडे वळू. विरोधकांतही अनेकांची भूमिका तत्त्वाची नव्हती. सेनेटर टिलमन यांच्यासारख्यांना बेटे नको होती, ती तेथील काळीसावळी माणसे नकोत म्हणून. स्वस्त मजूर येतील, ही भीती गॉम्पर्स यांनाही होतीच. आणि ज्यांच्या भवितव्याचा हा वाद, त्यांना विचारले कोणी? आगिनाल्दोंनी १२ जून १८९८ लाच स्वातंत्र्य पुकारले होते. त्यांचे वकील आगोन्सिल्यो वॉशिंग्टनला गेले. मॅकिन्ले यांनी भेट दिली, पण मान्यता दिली नाही. पॅरिसच्या वाटाघाटींतही त्यांना जागा मिळाली नाही. सेनेट त्यांच्या लायकीचा खल करीत होती, त्याच जानेवारीत मालोलोस येथे लिखित राज्यघटनेसह प्रजासत्ताक उभे राहिले होते. सेनेटच्या मतदानाच्या दोन दिवस आधी मनिलाजवळ गोळीबार सुरू झाला. पुढील तीन वर्षांच्या युद्धात चार हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. लढाई, उपासमार आणि रोगराई यांनी दोन लाख तरी फिलिपिनो नागरिक दगावले, असा अंदाज केला जातो.

मग हा वाद व्यर्थ गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९०२ साली सेनेटच्याच समितीपुढे सैनिकांनी कैद्यांच्या छळाच्या साक्षी दिल्या; १९१६ च्या कायद्याने स्वातंत्र्याचे वचन दिले; ते ४ जुलै १९४६ रोजी पाळले गेले. विरोधकांनी प्रश्न जागता ठेवला नसता, तर हेही झाले नसते. पण सेनेटमधल्या त्या एका मतापासून या स्वातंत्र्यापर्यंत ४७ वर्षे गेली. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर आपसांत कितीही मोकळेपणाने वाद घातला, तरी त्या दुसऱ्यास सभेत बसावयास जागा नसेल, तर त्या मोकळेपणाची किंमत तोच भरतो. आपण स्वतंत्र झालो असल्यामुळे हे आता आपणही ध्यानात ठेवले पाहिजे.