प्रेक्षक गोल करतात का? ‘घरचं मैदान’ या समजुतीचा संशोधन-इतिहास

विंचूर-लासलगाव पट्ट्यात कबड्डीची स्पर्धा असो नाहीतर मुंबईत फुटबॉलची आंतरराष्ट्रीय मॅच, निकालानंतर एक वाक्य हमखास कानावर येतं: “घरचं मैदान होतं, पब्लिक त्यांचं होतं, जिंकणारच ना!” वाक्य इतकं सरळ आहे की त्यात एक प्रश्न दडलाय हे लक्षातच येत नाही. पब्लिकने नेमकं केलं काय? घरचे खेळाडू जास्त पळाले? पाहुणे बिचकले? की शिट्टी ज्याच्या हातात होती त्याच्यावर दडपण आलं?

या समजुतीचा गेल्या पन्नासेक वर्षांतला प्रवास आज बघू. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहायला बसलाय. विषय फुटबॉलचा आहे, पण “हे तर सगळ्यांनाच माहितीये” अशी गोष्ट संशोधनाचा प्रश्न कशी बनते, ते यातून छान दिसतं. सुरुवात आपल्याच राज्यातून करू.

अंधेरी, जून २०१८

१ जून २०१८. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये इंटरकॉन्टिनेंटल कपची पहिली मॅच, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारत ५–० ने जिंकला, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. प्रेक्षक किती होते? २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने सोशल मीडियावर एक व्हिडिओ टाकला. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या, अशा अर्थाचं त्याचं आवाहन होतं. ते देशभर पसरलं. ४ जूनला केनियाविरुद्धची मॅच छेत्रीची शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच होती. तिची तिकिटं संपली. पाऊस पडत होता, तरी लोक हलले नाहीत. मध्यंतरापर्यंत एकही गोल नव्हता, नंतर भारताने तीन केले. ३–०.

इथे थांबलो तर गोष्ट एकदम सुंदर आहे: कर्णधाराने हाक दिली, लोक आले, संघ जिंकला. वर्तमानपत्राच्या बातमीसाठी एवढं पुरतं. आपल्याला पुढचंही बघायला हवं. ७ जूनला त्याच मैदानावर, गर्दीसमोर, भारत न्यूझीलंडकडून १–२ ने हरला. १० जूनच्या अंतिम सामन्यात केनियाला पुन्हा हरवलं, या वेळी २–० ने.

आता हे चार निकाल एका कागदावर मांडा. जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये ५–०. भरलेल्या स्टेडियममध्ये ३–०, १–२ आणि २–०. नुसते आकडे बघितले तर म्हणावं लागेल की गर्दी आली आणि संघाची कामगिरी घसरली! हा निष्कर्ष कुणालाच पटणार नाही, आणि पटूही नये, कारण प्रतिस्पर्धी बदलले होते. पण मग “गर्दीमुळे जिंकलो” हा निष्कर्षही त्याच कारणाने टिकत नाही. आपल्या आवडीच्या निष्कर्षाला आपण सूट देतो आणि नावडत्याकडून पुरावा मागतो. संशोधनात दोघांनाही एकच फूटपट्टी लावावी लागते.

मग न्याय्य तुलना कोणती? तेच संघ, तेच मैदान, तेच नियम. फरक फक्त एकच: एकदा प्रेक्षक आहेत, एकदा नाहीत. या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे या तुलनेचा शोध आहे.

पहिला टप्पा: फायदा आहे, पण कुणामुळे?

१९७७ मध्ये अमेरिकेत बॅरी श्वार्ट्झ आणि स्टीफन बार्स्की यांनी बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी आणि बास्केटबॉलचे निकाल तपासले. यजमान संघ जास्त जिंकतो हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं आणि श्रेय मुख्यतः प्रेक्षकांच्या पाठिंब्याला दिलं. ते समाजशास्त्राच्या अंगाने विचार करत होते. गावाला आपल्या संघात स्वतःचं रूप दिसतं, असा त्यांचा रोख होता.

१९८६ मध्ये रिचर्ड पोलार्ड यांनी इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा १८८८ पासूनचा हिशोब मांडला. एकूण गुणांपैकी सुमारे ६४ टक्के गुण यजमान संघांकडे जात होते. फायदा नसता तर हा आकडा ५० च्या आसपास असायला हवा होता. पोलार्ड यांचं खरं काम यापुढचं आहे. त्यांनी संभाव्य कारणं वेगवेगळी काढली: प्रेक्षक, पाहुण्या संघाचा प्रवास, मैदानाची सवय, रेफ्रीचा कल. मग एकेक कारण तपासलं. शंभर वर्षांत प्रवास कितीतरी सोपा झाला, तरी फायदा फारसा घटला नव्हता. वरच्या आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गर्दीचा आकडा खूप वेगळा असूनही फायद्यात मोठा फरक दिसत नव्हता. म्हणजे “जास्त डोकी, जास्त फायदा” हे साधं समीकरण तिथेच अडखळलं.

सिनॉप्सिस लिहिताना ही पायरी विसरू नका. ‘घरचं मैदान’ हे कारण नाही, ते एक गाठोडं आहे. ते सोडून आतल्या वस्तू वेगवेगळ्या मांडल्याशिवाय गृहीतक लिहिता येत नाही.

उलटं बोट

याच काळात एक वेगळा आवाज उठला. १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि अँड्र्यू स्टाइनहिल्बर यांनी मांडलं की निर्णायक सामन्यात घरची गर्दी उलट जड जाते. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये यजमान संघ सुरुवातीच्या लढती जास्त जिंकतात, शेवटच्या लढतीत मात्र ढेपाळतात, असं त्यांना आढळलं. आपल्या माणसांसमोर हरायची भीती हे त्यांनी दिलेलं कारण.

ऐकताच पटतं ना? फुटबॉल बघणाऱ्याला लगेच १६ जुलै १९५० आठवतो. रिओचं माराकाना स्टेडियम, पावणेदोन लाखांच्या आसपास लोक. ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठी फक्त बरोबरी पुरेशी होती. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला त्यांनी आघाडीही घेतली, आणि शेवटी उरुग्वेकडून १–२ ने हरले. आपल्याकडचं उदाहरण ४ मे २०२४ चं: कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठ हजारांहून जास्त लोकांसमोर मोहन बागान पहिला गोल करूनही हरला आणि मुंबई सिटी ३–१ ने आयएसएल विजेती ठरली.

पण १९९५ मध्ये बॅरी श्लेंकर आणि सहकाऱ्यांनी नंतरच्या वर्षांचे निकाल जोडून तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा ‘घरी ढेपाळण्याचा’ परिणाम जवळजवळ विरून गेला. माराकानाची गोष्ट खरी आहे, सॉल्ट लेकचीही. पण जिथे गर्दीसमोर यजमान सहज जिंकले त्या शेकडो मॅचेस आपल्याला आठवत नाहीत. लक्षात राहणारी उदाहरणं म्हणजे नमुना नव्हे.

दुसरा टप्पा: शिट्टीवाला माणूस

आतापर्यंत सगळ्यांची नजर खेळाडूंवर होती. २००२ मध्ये अ‍ॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ती रेफ्रीकडे वळवली. ४० पात्र रेफ्रींना त्यांनी लिव्हरपूलच्या घरच्या एका मॅचमधल्या ४७ टॅकल व्हिडिओवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. प्रत्येकाने फाउल आहे की नाही ते सांगायचं. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. चित्र तेच होतं, टॅकल त्याच होत्या, बदलला तो फक्त आवाज. आपल्याला हवी असलेली न्याय्य तुलना एका खोलीत, टीव्हीसमोर घडवून आणली होती.

२००५ मध्ये लुइस गारिकानो, इग्नासिओ पालासिओस-उएर्ता आणि कॅनिस प्रेंडरगास्ट या अर्थतज्ज्ञांनी स्पेनच्या लीगमधला वाढीव वेळ मोजला. यजमान एका गोलने मागे असेल तर रेफ्री जास्त वेळ वाढवून देत, पुढे असेल तर कमी. यात लाच नाही की कट नाही. हजारो लोक ओरडत असताना माणूस नकळत झुकतो, एवढंच.

मग आलं इटली. २ फेब्रुवारी २००७ ला कतानियाच्या दंगलीत एक पोलीस अधिकारी मारला गेला. सरकारने सुरक्षेचे नियम कडक केले, आणि ज्या स्टेडियम्सनी ते पाळले नव्हते तिथे काही सामने प्रेक्षकांविना झाले. पेर पेटरसन-लिडबोम आणि मिकाएल प्रिक्स यांनी अशा २१ सामन्यांची इतर सामन्यांशी तुलना केली. प्रेक्षक असताना रेफ्री पाहुण्यांना जास्त कडक शिक्षा देत होते, ते गेल्यावर हा कल घटला. खेळाडूंच्या स्वतःच्या खेळात मात्र तसा फरक दिसला नाही. २१ हा आकडा लहान आहे, पण प्रश्नाची दिशा बदलायला तेवढा पुरला.

तिसरा टप्पा: सगळं जग गप्प झालं तेव्हा

१६ मे २०२० ला जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. मागोमाग इतर लीग आल्या. संशोधकांना २१ ऐवजी हजारो सामने मिळाले. एकूण चित्र असं: पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं यजमानांच्या तुलनेत कमी झाली, यजमानांचा फायदा बऱ्याच ठिकाणी घटला, पण सगळीकडे सारखा घटला नाही आणि पूर्ण संपलाही नाही. म्हणजे गाठोड्यात प्रेक्षकांशिवाय अजूनही काहीतरी उरतं.

आपल्या शेजारी, गोव्यात, याहून टोकाची परिस्थिती होती. २०२०-२१ ची संपूर्ण आयएसएल फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना झाली. ११ संघ. ‘होम’ आणि ‘अवे’ हे शब्द फक्त वेळापत्रकात. मुंबई सिटी घरच्या एकाही प्रेक्षकाशिवाय लीगमध्ये पहिली आली आणि १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २–१ ने हरवून कपही घेऊन गेली. इथे प्रेक्षक तर नव्हतेच, प्रवास आणि मैदानाची सवय हे फरकही बहुतेक संघांपुरते पुसले गेले होते. संशोधन आराखडा शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणायचं?

उरलेला प्रश्न: मूड

आतापर्यंतच्या बहुतेक कामात प्रेक्षक ‘आहेत’ किंवा ‘नाहीत’ असेच मोजले गेले. पण मूडचं काय? १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सच्या घरच्या प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची, हार्दिक पांड्याची, हुर्यो उडवली. खेळ क्रिकेटचा, पण मुद्दा तोच: स्टेडियम भरलेलं असू शकतं आणि तरी ‘पाठिंबा’ नसू शकतो. हजेरी तिकिटांवरून कळते, मूड कळत नाही.

इथे कोल्हापूर डोळ्यासमोर येतं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब असे पेठांचे आणि तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांशी भिडतात. कुणालाही लांबचा प्रवास नाही. मैदान सगळ्यांच्या सवयीचं. म्हणजे पोलार्ड यांच्या यादीतली दोन कारणं आपोआप बाद होतात. उरतो स्टँडमध्ये कुणाच्या पेठेचा आवाज मोठा आहे हा प्रश्न, आणि तो ऐकणारा रेफ्री. मिकेला पोंझो आणि विन्चेन्झो स्कोप्पा यांनी इटलीत एकाच स्टेडियमवर खेळणाऱ्या शहरबंधू संघांच्या सामन्यांवरून हीच युक्ती वापरली. मैदान दोघांचं असतं, पण तिकिटं जास्त त्या दिवशीच्या ‘यजमाना’च्या समर्थकांकडे असतात. तरीही त्या यजमानाला फायदा होत असल्याचं त्यांना दिसलं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ, आणि त्यासाठी कोल्हापूरलाही जायला नको. निफाड तालुक्यात किंवा तुमच्या गावात कबड्डीची पुढची स्पर्धा असेल तेव्हा वही घेऊन बसा. तीन रकाने आखा. पहिल्यात दर पाच मिनिटांनी लिहा: लोक कुणाच्या बाजूने ओरडतायत, गप्प आहेत की आपल्याच पोरांवर चिडलेत. दुसऱ्यात पंचांचे वादग्रस्त निर्णय, कुणाच्या बाजूने गेले ते. तिसऱ्यात गुण. दुसऱ्या मित्रालाही तेच करायला सांगा, पण वेगळ्या कोपऱ्यात बसून, एकमेकांची वही न बघता. शेवटी दोघांचा पहिला रकाना ताडून पाहा. मूडबद्दल तुमच्या दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर निकालावर त्याचा परिणाम शोधायला अजून वेळ आहे. आधी मोजमाप पक्कं करायचं.

आणि एक लक्षात घ्या. स्टँडमधून ओरडणाऱ्या माणसाला वाटतं, आपण आपल्या पोरांना बळ देतोय. आतापर्यंतचा पुरावा सुचवतो की त्याच्या आवाजाचा बराचसा भाग पंचाच्या कानावर पडतोय. गावच्या स्पर्धेत तो पंच बहुधा ओळखीचाच असतो, आणि हरून परत जाणारी पोरं शेजारच्या गावची असतात. म्हणून हा प्रश्न नीट विचारला जायला हवा.