दिवसांचे वस्त्र

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्याच काळात, स्पेनमधील कास्तील राज्यात, मोझेस द लेओन नावाचा एक यहुदी पंडित आरामी भाषेतील एका ग्रंथाच्या वह्या थोड्याथोड्या करून आपल्या परिचितांच्या हाती देत होता. त्या ग्रंथाचे नाव ‘झोहर’, म्हणजे तेज. आपण एका प्राचीन पोथीची केवळ नक्कल करीत आहोत, तिचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय यांचे, असे तो सांगे. गेर्शोम शोलेम या इतिहासकाराने १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भाषेच्याच साक्षीने असे दाखविले की, झोहरचा बहुतेक भाग खुद्द मोझेसच्या लेखणीतून उतरला असला पाहिजे. पुढील अभ्यासक त्याच्याबरोबर इतरांचाही हात मानतात. आपल्या अंतरीचे सर्वांत खोल जे, ते सांगताना या माणसाने दुसऱ्याच्या नावाचे वस्त्र पांघरले. आपल्याकडेही नामदेवांच्या मुद्रेखाली किती नामे वावरतात, हे वाचकांना ठाऊकच आहे.

वस्त्राचा हा दृष्टान्त मी झोहरमधूनच उचलला आहे. त्या ग्रंथात एके ठिकाणी असे म्हटले आहे की, तोरेतील कथा म्हणजे तिचे केवळ वस्त्र होय. मूढ मनुष्य वस्त्र पाहून थांबतो. त्याहून जाणता वस्त्राखालचा देह, म्हणजे धर्माज्ञा, पाहतो. आणि खरे ज्ञानी तिच्या आत्म्याकडे दृष्टी लावतात. येथवर आपल्याला काहीच नवे वाटत नाही. आवरण दूर करा आणि तत्त्व पहा, हे वेदान्ताने आपल्या अंगी पुरते मुरविले आहे. परंतु झोहरचा रोख निराळा आहे. आत्मा या जगात वस्त्रावाचून उतरूच शकत नाही आणि जगही त्याला वस्त्रावाचून सोसू शकत नाही, असे तो सांगतो. म्हणजे वस्त्र हा अडथळा नसून भेटीचे साधन आहे. झाकणे आणि दाखविणे ही येथे एकच क्रिया होते.

या विचाराला आपल्या वाङ्मयात अगदी जवळचा आप्त शोधायचा, तर ज्ञानेश्वरीच्या आरंभीचे गणेशरूपक पाहावे. तेथे शब्दब्रह्म हीच मूर्ती आहे, अठरा पुराणे तिचे अलंकार आहेत, आणि नागर पदबंध हे तिचे रंगविलेले वस्त्र आहे. ज्ञानदेव त्या वस्त्राच्या पोताचेही कौतुक करतात. नेवासे आणि कास्तील यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. तरी दोन्हीकडे शब्द हा अर्थाचा पोशाख ठरला, आणि तो फेडून टाकण्याची घाई दोघांनीही केली नाही.

जेथे वाटा फुटतात ते स्थळ मात्र अधिक मननीय आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह हे जीर्ण वस्त्र आहे. आत्मा ते टाकून नवे घेतो. तेथे सारा जोर टाकण्यावर आहे. झोहरमध्येही देहाला वस्त्र म्हटले आहे. पण त्यापलीकडे आणखी एक वस्त्र आहे, आणि ते कोणी आयते देत नाही. मनुष्य सत्कर्मात घालवितो तो प्रत्येक दिवस वर जाऊन जपला जातो. मरणसमयी त्या दिवसांचेच वस्त्र होते आणि आत्मा ते लेऊन परमेश्वरासमोर उभा राहतो. जो दिवस वाया गेला, तेवढी जागा त्या वस्त्रात उणी राहते. अब्राहामाच्या वार्धक्याचे वर्णन करताना मूळ हिब्रूत तो ‘दिवसांत आला’ अशी शब्दयोजना आहे. भाषांतरकार तिचा अर्थ वयोवृद्ध झाला असा करतात, आणि तो बरोबरच आहे. परंतु झोहरकार ते शब्द अक्षरशः घेतो. अब्राहाम आपले सगळे दिवस घेऊन आला, एकही मागे राहिला नाही! आदामाला आपण नग्न आहोत हे कळले, ते हेच वस्त्र गमावल्यामुळे.

आम्हा गुजरातेत राहणाऱ्यांना येथे पाटणच्या पटोळ्याची आठवण व्हावी. त्याची नक्षी कापडावर मागाहून छापीत नाहीत. उभे आणि आडवे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच जागोजाग बांधून रंगवितात. मागावर चढल्यावर प्रत्येक धागा आपल्या ठिकाणी बसला तरच आकृती उमटते. झोहरचे दिवस काहीसे असेच आहेत.

अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत पूर्व युरोपातील हसीदी पंथाचे श्नेऊर झाल्मन यांनी ‘तान्या’ या ग्रंथात हाच विचार अधिक रेखीव केला. विचार, वाणी आणि कृती ही आत्म्याची तीन वस्त्रे. यांखेरीज त्याला प्रकट होण्याचा मार्ग नाही. आत्माविष्कार हा शब्द आपण टीकाग्रंथांतून फार सैलपणे वापरतो. येथे त्याला चांगलीच किंमत मोजावी लागते.

हे सर्व दूर युरोपातले म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण मराठी बोलणारा एक यहुदी समाज कोकणात शतकानुशतके नांदला. बेने इस्राएल हे तेलाच्या घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या स्त्रिया शेजारणींसारखेच लुगडे नेसत. पोशाखावरून त्यांचा वेगळेपणा ओळखू येणे कठीण होते. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. उरला होता तो एक वार, एक पाळलेला दिवस. कबाला त्यांनी वाचली नव्हती. तरी झोहरच्या दृष्टीने पाहिले तर ते उघडे नव्हते.

पुढे ग्रंथ आले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुण्यात बगदादी यहुद्यांपैकी अब्राहाम डेव्हिड इझिकेल यांनी १८८७ मध्ये झोहरमधील ‘इद्रा झुता’ हा भाग यहुदी अरबी भाषांतरासह छापला. गूढ शिकवण बोलीभाषेत उघडी करणे बगदादच्या रब्बींना रुचले नाही. मराठीची खरी सेवा मात्र जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी केली. मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते, आणि शाळेचा व्याप सांभाळून त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हा व्याप काय असतो हे ज्यांना माहीत आहे, ते या कामाचे मोल अधिक जाणतील.

प्रार्थनेच्या वाटेने कबालाही कोकणी माणसाच्या ओठांवर आली. गॅलिलीतील साफेद नगरीत सोळाव्या शतकात कबालापंथी साधक शुभ्र वस्त्रे लेऊन शुक्रवारी सायंकाळी शब्बाथाला सामोरे जात. तेथील शलोमो अल्काबेत्स याने शब्बाथाला वधू मानून ‘लेखा दोदी’ हे गीत रचले. त्यात धुळीत पडलेल्या नगरीला उठून आपली शोभेची वस्त्रे लेण्यास सांगितले आहे. शोभेसाठी योजिलेला ‘तिफेरेत’ हा शब्द कबालेत ईश्वराच्या दहा प्रकाशांपैकी एकाचे नाव आहे; जाणत्याला तो ऐकू येतो, इतरांना नुसते वस्त्र दिसते. मोझेस द लेओनने आपले नाव लपविले. शलोमोने ते पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांत विणून ठेवले. भाषांतरात ती आद्याक्षरे सुटतात. परंतु मुंबईत, अलिबागेस, किंवा अहमदाबादेच्या १९३४ साली बांधलेल्या मागेन अब्राहाम मंदिरात हे गीत गायिले जाते ते मूळ हिब्रूतच, आणि त्यात शलोमोचे नाव, कोणी लक्ष दिले वा न दिले, अक्षरामागून अक्षर उच्चारले जाते.