एकी की बेकी? जर्मनीतील मराठी मुले आणि सम-विषम संख्यांची ओळख

वस्तूंच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या असता एकही वस्तू उरत नसेल, तर त्या वस्तूंची संख्या सम असते. एक वस्तू उरत असेल, तर ती विषम असते. मराठी लोकव्यवहारात यांनाच अनुक्रमे बेकी आणि एकी म्हणतात. जर्मन भाषेत सम संख्येला ‘गेराडे त्साल’ आणि विषम संख्येला ‘उनगेराडे त्साल’ असे शब्द आहेत. जर्मनीतील प्राथमिक शाळेत पहिल्या इयत्तेत साधारणतः वीसपर्यंतच्या आणि दुसरीत शंभरपर्यंतच्या संख्या शिकवल्या जातात. सम-विषमाची ओळखही याच काळात होते. घरी मराठी आणि शाळेत जर्मन बोलणाऱ्या मुलाला ही एकच कल्पना दोन भाषांतून भेटते. तिच्यामागची जोडी लावण्याची कृती पक्की झाली, तर दोन भाषांचे ओझे होत नाही. नुसता नियम पाठ झाला, तर गोंधळ मात्र दुप्पट होतो.

नियम आणि अर्थ

‘शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असेल तर संख्या सम’ हा नियम बहुतेक पालक प्रथम सांगतात. नियम खरा आहे. परंतु ती सम संख्या ओळखण्याची खूण आहे, तिचा अर्थ नव्हे. केवळ खूण शिकलेले मूल ३६ मधील ३ कडे पाहून संख्या विषम म्हणू शकते. दहाचे पाच-पाच असे दोन भाग होतात आणि पाच तर विषम, मग दहा सम कसे, या शंकेवरही ते अडखळते.

यावर उपाय म्हणजे वस्तू दोन ओळींत मांडणे. दहा मण्यांच्या पाच-पाचच्या दोन ओळी केल्या की उभ्या बाजूने पाहिल्यास पाच जोड्या दिसतात आणि आडव्या बाजूने पाहिल्यास दोन समान वाटे दिसतात. जोड्या पूर्ण होणे आणि निम्मे वाटे सारखे होणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे मुलाला डोळ्यांनी कळते. अकरावा मणी ठेवला की एक ओळ पुढे जाते आणि त्या मण्याला जोडीदार राहत नाही.

जर्मन वर्गातील साधने

जर्मन वर्गांत यासाठी वीस घरांची पाटी वापरतात. तिच्यावर दहा-दहा घरांच्या दोन ओळी असतात आणि मुले त्यांत एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळ्या अशा चकत्या मांडतात. एरिख व्हिटमान आणि गेरहार्ड म्युलर यांनी १९८७ साली डोर्टमुंड विद्यापीठात सुरू केलेल्या ‘माते २०००’ या प्रकल्पाने अशा साध्या चकत्यांना गणिती विचाराचे साधन मानले. दोन विषम संख्यांची बेरीज सम का येते, याचे उत्तर सात-आठ वर्षांचे मूलही चकत्या सरकवून देऊ शकते: दोन्हीकडे एकेक चकती एकटी उरलेली असते आणि त्या दोघींची मिळून जोडी होते. ही उपपत्ती केवळ ७ आणि ५ पुरती नाही, कोणत्याही दोन विषम संख्यांना लागू पडते. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या नवव्या खंडात सम-विषम संख्यांच्या बेरजेविषयीची अशीच प्रमेये आहेत.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीसाठी परिसरातल्या स्वस्त वस्तूंपासून साधने घडवली. परदेशातील घरालाही महागड्या साहित्याची गरज नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

उलट ऐकू येणारे अंक

चोवीस या मराठी शब्दात चार आधी येतात आणि वीस नंतर. जर्मनमध्येही २४ ला ‘फीअर-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे ‘चार आणि वीस’ म्हणतात. संख्या सम की विषम हे ठरवणारा एककाचा अंक दोन्ही भाषांत प्रथम ऐकू येतो. लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यामुळे ‘चौतीस’ ऐकून मूल ४३ लिहिण्याची शक्यता असते, आणि या अदलाबदलीत सम संख्येची विषम होते. अशा वेळी उत्तर चुकले म्हणून सम-विषम कळले नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मुलाने काय ऐकले आणि काय लिहिले, हे आधी पाहावे.

हा प्रश्न दोन्ही समाजांत चर्चेला आला आहे. जर्मनीत गणितज्ञ लोथार गेरिट्झेन यांच्या पुढाकाराने २००४ साली स्थापन झालेली ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’ ही संस्था दशक आधी उच्चारण्याची पद्धतही शाळेत शिकवावी, असा आग्रह धरते. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले होते.

एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द मात्र खास मराठी आहेत. त्यांत नऊ ऐकू येत नाहीत. ‘तिसाला एक कमी’ एवढेच ऐकू येते. पूर्ण दशक नेहमी सम असते आणि त्यातून एक काढला की एका वस्तूचा जोडीदार जातो. म्हणून ‘एकोण’ने सुरू होणारी ही प्रत्येक संख्या विषमच असते. या शब्दांचा मुलाला त्रास होतो. पण अर्थ उलगडला की तेच शब्द मदतीला येतात.

घरातील सराव

जर्मनीत दहा अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका पाच-पाचच्या दोन ओळींचा असतो. शरद ऋतूत मुले बागेतून चेस्टनटच्या बिया गोळा करून आणतात. त्या बिया या खोक्यात जोडीजोडीने ठेवल्या की घरच्या घरी गणिताची पाटी तयार होते. याच बिया मुठीत लपवून ‘एकी की बेकी?’ असे विचारले की चिंचोक्यांचा जुना खेळ पुन्हा सुरू होतो. अंदाज सांगून झाल्यावर मूठ उघडून जोड्या लावणे, हा त्यातील खरा अभ्यास.

रस्त्यावरील घरांचे क्रमांकही उपयोगी पडतात. बहुतेक जर्मन रस्त्यांवर सम क्रमांक एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात. बर्लिनमधील कुरफ्युर्स्टेनडामसारखे काही जुने रस्ते याला अपवाद आहेत. तेथे क्रमांक एका बाजूने ओळीने वाढत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात.

विषम म्हणजे काहीतरी उणे, अशी समजूत मात्र होऊ देऊ नये. गणपतीला एकवीस मोदक आणि एकवीस दूर्वा वाहतात. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालतात. एकवीस मोदकांच्या दहा जोड्या लावून उरलेला एक मुलाच्या हाती दिला, तर विषमाची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

शून्य आणि शेवटचा अंक

शून्याविषयी मोठ्यांचाही गोंधळ उडतो. जोड्या लावायला काहीच नाही, म्हणून उरायलाही काही नाही. यास्तव शून्य सम आहे. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये वाहनांसाठी सम-विषम योजना राबवली गेली, तेव्हाही शून्याने संपणारे क्रमांक समच धरले गेले.

इतके झाल्यावर शेवटच्या अंकाचा नियम सांगावा. ३६ बिया म्हणजे दहाचे तीन भरलेले खोके आणि सहा सुट्या बिया. भरलेल्या खोक्यात एकही बी एकटी नसते, मग खोके तीन असोत वा तीनशे. म्हणून पाहायच्या त्या फक्त सुट्या बिया, आणि त्यांची संख्या म्हणजेच शेवटचा अंक.