आकडा जुळतो तेव्हा

कोल्हापुरात शाहूपुरीच्या गूळबाजारात मुरलेल्या माणसाला गुळाचा रवा दाखवून वजन विचारा. तो आधी महिना कोणता ते पाहील. उन्हाळ्यात गूळ सुकतो, पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून पाघळतो. म्हणून सुट्या गुळाचा साठा बाराही महिने वहीशी बिनचूक जुळत असेल, तर त्या दुकानात कुणीतरी फार हुशार आहे. नोकरांकडून होणारी चोरी ओळखायला आणि रोखायला व्यवस्थापकांना शिकवणारी, या पुस्तकात मांडलेली विद्या माझ्या मते इथून सुरू होते. रास्त घट किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याला चोरीची तूट दिसत नाही. आणि दिसलीच, तर तो भलत्याच पोराची कॉलर धरतो.

हुपरीच्या चांदीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. कारागिराला चांदी वजनावर द्यायची, दागिना वजनावर घ्यायचा आणि मधली घट आधीच ठरलेली. कानस मारताना उडालेला कीससुद्धा झाडून ठेवायचा. सोनारांच्या केरातून धातू काढणारे झारेकरी त्या धुळीवरच पोट भरत आले. थोडक्यात, धातू कुठे गेला याचं उत्तर तिथे असतं. किराणा किंवा कापडाच्या दुकानात मात्र तूट आली की उंदीर, पावसाळा आणि मागच्या महिन्यात सोडून गेलेला नोकर, एवढ्या तिघांवर भागतं.

या विषयाची थोरली पाठशाळा आपल्या दारातच आहे. पन्हाळ्यावर अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं बघताना बहुतेकजण भिंतींची जाडी बघून परततात. शिवकालात गडाचा कारभार एकट्याच्या हाती नसे, हे तिथे उभं राहून आठवावं. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस अशी माणसं नेमलेली; हिशेब सबनिसाकडे, कोठाराची सामग्री कारखानिसाकडे. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर. आजच्या मॉलमधली नियमावली याहून फार पुढे गेलेली नाही.

१८७९ साली अमेरिकेतल्या डेटन शहरात जेम्स रिटी नावाच्या दारूच्या गुत्तेवाल्याने गल्ल्याचं यंत्र काढलं. नोकर पैसे खिशात घालतात, ही त्याची तक्रार. यंत्राची खरी करामत अशी की आकडा गिऱ्हाइकालाही दिसे. पहारेकरी फुकटात मिळाला.

पण यंत्रावर विसंबणाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगतो. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात मी दोन दिवस नुसता बसून होतो. गल्ल्यावरच्या पोराच्या हाताशी दोन वाट्या, एकीत चिंचोके. घाईतलं गिऱ्हाईक सुटे दहा रुपये ठेवून बिल न घेता गेलं, की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. रात्री हिशेबाआधी चिंचोके मोजायचे, तेवढ्या दहाच्या नोटा खिशात घालायच्या, की रोजमेळ पैशाला पैसा जुळला! मालक मला कौतुकाने सांगत होते, ‘आमच्याकडं कधी फरक पडत नाही.’ तिथे सगळ्या मालाची मोजणी दिवाळीला एकदाच व्हायची. ज्या गल्ल्यात महिनाभरात चार-दोन रुपयांचासुद्धा फरक येत नाही, तो गल्ला मी तेव्हापासून आधी बघतो.

माणूस असं का करतो, यावर डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासघाताच्या गुन्ह्यांतल्या कैद्यांशी बोलून १९५३ साली पुस्तक लिहिलं. कुणाला सांगता न येणारी अडचण, हाताशी आलेली संधी आणि ‘उसने घेतोय, परत ठेवीन’ अशी स्वतःची समजूत, या तीन गोष्टी त्यांना पुन्हा पुन्हा आढळल्या. तिसरी मला सर्वांत बोलकी वाटते. जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या १९९० सालच्या अभ्यासात काही कारखान्यांत तात्पुरती १५ टक्के पगारकपात झाली होती. जिथे कारण नीट, आस्थेने समजावलं तिथे चोरी त्या मानाने कमी वाढली. जिथे दोन शब्दांत उरकलं तिथे बरीच वाढली. कॅमेऱ्याचा खर्च मंजूर करण्यापूर्वी संचालकांनी हे वाचावं.

कोल्हापूरची अडचण आणखी वेगळी. इथे गल्ल्यावरचा पोरगा मालकाच्या मेहुण्याच्या ओळखीचा, गिऱ्हाईक त्याच्या तालमीतलं. ‘आपलाच हाय, सोड की’ म्हणत पाच वस्तूंतल्या तीनच बिलावर येतात, आणि त्याला चोरी म्हणायला कुणी धजत नाही. जाताना पिशवी तपासायची म्हटलं की ‘माझ्यावर संशय?’ यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: रोज पहिली पिशवी मालकाची उघडायची.

कायद्याचं प्रकरण कोरडं आहे, तरी गाळू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने केलेली चोरी कलम ३०६ मध्ये येते, तर विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार कलम ३१६ मध्ये. संशयिताला गोदामात कोंडून कबुली लिहून घेणारा व्यवस्थापक मात्र स्वतःच गुन्हेगार ठरू शकतो.

हे पुस्तक कुठूनही उघडलंत तरी चालेल. फक्त आज दुकानातली गुळाची एक ढेप बाजूला काढून तिचं वजन करा आणि तारखेसह कागदावर लिहून तिच्याखाली ठेवा. मोजणीच्या प्रकरणाशी पोचाल तेव्हा ती पुन्हा काट्यावर चढवा.